कापूस, रुई आणि गठाण

आमच्या चिखलीच्या बाजारात कापूस आणि रुई या दोन शब्दांत जो घोटाळा करतो तो परगावचा, हे ओळखण्यास त्याची अधिक चौकशी करावी लागत नाही. शेतातून गाडीत भरून येतो तो कापूस, आणि त्याच्या पोटात सरकी असते. जिनात घालून ती सरकी वेगळी काढली म्हणजे मागे उरते ती रुई. आणि ती रुई प्रेसमध्ये दाबून, वरून पट्ट्या आवळून बांधली म्हणजे तिची गठाण होते. घाटाखाली खामगावास १८७० साली रेल्वेचा फाटा नेण्यात आला तो मुख्यत्वे कापसाच्या या व्यापारासाठी. आणि आज आमच्या घाटावर सोयाबीनने कपाशीची पुष्कळशी जागा बळकावली असली, तरी हे तीन शब्द लोकांच्या तोंडातून गेलेले नाहीत. छायाचित्रकाराने आपले चित्र कॅमेऱ्यातून कोणत्या स्वरूपात घ्यावे, धंद्यातले लोक ज्याला ‘रॉ’ म्हणतात त्या कच्च्या स्वरूपात, की ज्याला ‘जेपेग’ म्हणतात त्या आटोपशीर, तयार स्वरूपात, या विषयावरील पुस्तिकेच्या आरंभी मी कापसाचा बाजार मांडावा हे वाचकास विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु या वादात गेली वीसेक वर्षे जो गोंधळ मी ऐकत आलो आहे, त्यातील बराचसा सरकी काढणे आणि रुई दाबणे ही दोन निराळी कामे एकच समजण्यातून उत्पन्न झालेला आहे, आणि तो निस्तरण्यास याहून जवळचा दृष्टान्त मला सापडला नाही.

पुस्तिकेचा लेखक वयाने माझ्या मुलाएवढा आहे. त्याच्या वडिलांनी माझ्या डार्क रूममध्ये कित्येक वर्षे काढली. लाल दिव्याखाली ट्रेमधल्या कागदावर चेहरा उमटताना पाहण्यात त्यांचे तारुण्य गेले आणि हायपोचा वास त्यांच्या सदऱ्याला कायमचा चिकटला. मुलाने तो लाल दिवा पाहिलेला नाही. तो एकेका लग्नात दोन-अडीच हजार चित्रे घेतो आणि पहाटेपर्यंत संगणकासमोर बसतो. लिखाणाचे बाड माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, “काका, रॉ चांगलं की जेपेग, एवढं एका वाक्यात लिहून द्या, बाकी सगळं मी लिहिलंय.” एका वाक्यात लिहिता येईल असे मला एवढेच दिसते की, हा प्रश्न चांगल्या-वाइटाचा नसून अखत्यारीचा आहे, चित्रातील काय ठेवावयाचे आणि काय टाकावयाचे हे ठरविण्याची मुखत्यारी आपण कोणास, आणि कोणत्या क्षणी, देतो याचा आहे. हे वाक्य त्यास पुरेसे वाटले नाही, आणि खरे पाहता मलाही वाटले नाही. म्हणून हे लांबण.

कॅमेऱ्याच्या पोटात फिल्मच्या जागी जो सेन्सर बसविलेला असतो, त्यास रंग कळत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. त्याच्यावर लक्षावधी सूक्ष्म घरे असतात, आणि आपल्या वाट्यास किती प्रकाश आला एवढीच मोजदाद प्रत्येक घर करते. रंगाची युक्ती निराळी आहे. कोडक कंपनीतील ब्राइस बायर या शास्त्रज्ञाने, १९७६ साली ज्याचे पेटंट त्याच्या नावे झाले अशी, एक जाळी सुचविली : प्रत्येक घरावर तांबडी, हिरवी अथवा निळी अशी एकेक काच बसवावी, आणि मनुष्याचा डोळा उजेडाचे तारतम्य हिरव्यातून अधिक घेतो म्हणून हिरव्या काचा इतर दोहोंच्या प्रत्येकी दुप्पट ठेवाव्यात. याचा परिणाम असा की, कोणत्याही घरास तीन रंगांपैकी एकाचीच प्रत्यक्ष साक्ष देता येते. उरलेले दोन शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून विचारून ठरवावे लागतात. ही विचारपूस होण्यापूर्वीची जी नुसती मोजदाद, ती म्हणजे रॉ. तिला चित्र म्हणणेही तसे धाडसाचेच. ती दुकानातील रोजकीर्द आहे, आलेला प्रत्येक पैसा तीत आल्या क्रमाने नोंदलेला आहे, पण खतावणी अद्याप व्हावयाची आहे. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणत्या उजेडातले पांढरे हे पांढरे धरावयाचे याचा ठराव, काय ठेवला होता, हेही तिच्यात समासातील शेऱ्याप्रमाणे केवळ लिहिलेले असते. तो शेरा मानावा अथवा खोडावा, हे नंतर बसणाऱ्याच्या मर्जीवर. प्रकाशाच्या पायऱ्या बारा बिटांच्या नोंदीत ४,०९६ आणि चौदा बिटांच्या नोंदीत १६,३८४ मावतात.

आता जेपेग पाहू. ते आकाशातून पडत नाही. प्रत्येक जेपेग क्षणभरापूर्वी रॉच होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. बटन दाबल्यावर पापणी लवते न लवते तोच कॅमेऱ्यातील कारकून त्या रोजकीर्दीवरून रंग ठरवितो, प्रकाश कसला होता याचा अंदाज बांधतो, काळे अधिक काळे व पांढरे अधिक पांढरे करतो, कडा धारदार करतो, अंधारातले दाणे पुसतो, आणि प्रत्येक रंगास २५६ पायऱ्या ठेवून बाकीच्या रद्द करतो. एवढे झाल्यावर खरी काटछाट सुरू होते. चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडले जातात, प्रत्येक चौकोनातील चढउतार मंद आणि जलद लहरींच्या बेरजेत मांडला जातो, आणि ज्या जलद, बारीक लहरींकडे डोळ्याचे सहसा लक्ष जात नाही त्या ढोबळ केल्या जातात किंवा मुळीच वगळल्या जातात. लहरींत मांडण्याचे हे गणित १९७४ साली प्रसिद्ध करणाऱ्या तिघांपैकी अग्रणी नासिर अहमद हे जन्माने बंगळूरचे, आणि त्यांचे सहकारी टी. नटराजन व के. आर. राव. १९८६ साली जमलेल्या ज्या तज्ज्ञमंडळाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून जेपेग हा शब्द आला, त्याने हेच गणित पायाभूत धरले आणि १९९२ मध्ये त्याचे प्रमाण ठरले. जगातील प्रत्येक मोबाइलमधून आज जे गणित घडीघडीला चालते, त्याच्या उगमाशी आपल्याकडची ही नावे आहेत, हे आमच्याकडील फोटोग्राफरांच्या मेळाव्यांत मी एकदाही ऐकलेले नाही. कंपन्यांच्या लेन्सांची नावे मात्र तोंडपाठ ऐकली आहेत.

येथे गठाणीकडे परत येतो. दोन कोटी चाळीस लक्ष घरांच्या सेन्सरची चौदा बिटांची मोजदाद जशीच्या तशी लिहिली तर ती बेचाळीस एमबी भरते. परंतु आजचे कॅमेरे तीच मोजदाद, एक आकडाही न गमावता, पंचवीस-तीस एमबीत बसवितात. हे दाबणे आहे. गठाण फोडली, पट्ट्या तोडल्या की रुई पुन्हा फुगते, तोळाभरही कमी होत नाही; तद्वत अशी रॉ फाईल उलगडली की प्रत्येक आकडा जागच्या जागी सापडतो. (काही कॅमेरे रॉमध्येही थोडी सरकी काढतात, आणि ते कोठल्या मेनूत दडविलेले असते हे लेखकाने पुढे यथास्थित दाखविले आहे.) जेपेगमध्ये जे होते ते दाबणे नव्हे, ते जिनिंग आहे. तेव्हा ‘रॉ म्हणजे न दाबलेले आणि जेपेग म्हणजे दाबलेले’ ही जी व्याख्या सर्रास सांगितली जाते ती मुळातच लंगडी आहे. खरा भेद दाबल्या-न दाबल्याचा नसून निवडल्या-न निवडल्याचा आहे. योगायोग असा की प्रमाणही जवळपास तेच पडते : क्विंटलभर कापसातून तेहेतीस-पस्तीस किलो रुई निघते, आणि तीस एमबीच्या रॉमधून बरी जेपेग फाईल आठ-दहा एमबीची होते. दृष्टान्त मोडतो तो याच्या पुढच्या पावलास. जिनातली सरकी वाया जात नाही. तिचे तेल निघते, ढेप म्हशीपुढे जाते. जेपेगने टाकलेले कोणाच्याही गव्हाणीत जात नाही. शिवाय कापूस एकदाच जिनातून जातो, तर जेपेग उघडून, बदलून, पुन्हा जतन केले की पुन्हा जिनात पडते. आणि मोबाइलवरून काकाने मामास, मामाने आत्यास पाठविलेले साखरपुड्याचे चित्र अखेरीस कोणत्या अवस्थेत पोहोचते, ते आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

सरकी काढण्याचा अखत्यार दुसऱ्यास दिल्याने काय होते, याचा पहिला धडा मला वैशाखातील एका लग्नाने दिला. डिजिटल कॅमेरा तेव्हा नवीन होता, कार्डे लहान आणि महाग होती, आणि दोन पैसे वाचविण्याच्या बुद्धीने मी सगळे लग्न जेपेगमध्ये घेतले. मांडवाचे कापड तांबडे-पिवळे. वऱ्हाडातील दुपारचे ऊन त्यातून गाळून खाली येई, त्यामुळे मांडवात बसलेला प्रत्येक मनुष्य त्या कापडाच्या रंगात बुचकळून काढल्यासारखा दिसत होता. तर मांडवाच्या कडेला, उघड्यावर, पांढऱ्या फेट्यांची एक रांग पाहुण्यांना आत घेत उभी. डोळ्यास यातले काहीच खटकत नाही, कारण डोळ्याच्या मागे मन असते आणि ते भरपाई करून घेते. कॅमेऱ्याने आपल्या समजुतीप्रमाणे भरपाई केली, ती पक्की केली, आणि मूळ नोंद फेकून दिली. आठ दिवसांनी नवरीची आई अल्बम घेऊन दुकानात आली आणि सर्वांसमक्ष म्हणाली, “आमचा सगळा गोतावळा काविळीनं आजारी होता का हो? आणि माझा मोरपंखी शालू शेवाळी कशानं झाला?” मी संगणकावर पिवळेपणा ओढून काढला, तो फेटे निळे पडले, फेटे सुधारले, तो चेहरे राखेसारखे झाले, २५६ पायऱ्यांची शिडी ताणता ताणता तिच्या पायऱ्यांतली अंतरे दिसू लागली आणि गालांवर पट्टे उठले. उन्हातल्या फेट्यांत तर ना घडी उरली होती ना पोत, निव्वळ कोरा कागद.

रॉ घेतले असते तर सगळे निभावले असते काय? असे सांगणारे विक्रेते पुष्कळ आहेत, म्हणून येथे स्पष्ट लिहितो. चेहऱ्यांची कावीळ निश्चित उतरली असती आणि शालू मोराच्या गळ्याशी आला असता. फेट्यांच्या घड्यांपैकी काही परत मिळाल्या असत्या, कारण जेपेगने जेथे पांढरे म्हणून रेघ ओढली तिच्या पलीकडेही मोजदादीत थोडी शिल्लक असते. परंतु जेथे घर काठोकाठ भरून प्रकाश बाहेर सांडला, तेथे रॉमध्येही काही नसते. शून्यातून घडी निर्माण करण्याची विद्या कोणत्याही स्वरूपात नाही. आणि मांडवातला रंग व उघड्यावरचा रंग एकाच चित्रात आला असता त्याची तोडजोड रॉमध्येही हातानेच, तुकड्यातुकड्याने करावी लागते. मी त्या माउलीचे पैसे परत केले. तिने ते घेतले नाहीत, आणि दुसऱ्या मुलीच्या लग्नास फोटोग्राफर जालन्याहून आणला.

व्हाइट बॅलन्सचा हा अखत्यार केवळ शालूपुरता नाही, याचा प्रत्यय पुढे साऱ्या जिल्ह्यास आला. जून २०२० मध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. बेसॉल्टच्या कातळात उल्कापाताने पडलेले ते सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर आम्हांस मेहकरच्या वाटेने जवळचे. परंतु ते टाळेबंदीचे दिवस, आणि पाहावयास जाणे दुरापास्त. तेव्हा आम्ही लोणार पाहिले ते मोबाइलवर आलेल्या चित्रांत. एकात पाणी गुलाबाच्या सरबतासारखे, दुसऱ्यात भाजक्या विटेसारखे, तिसऱ्यात केवळ गढूळ. आणि त्यावरून चावडीवर दोन पक्ष पडले, एकाचे म्हणणे चमत्कार, दुसऱ्याचे म्हणणे कोणीतरी संगणकावर रंग ओतला आहे. वस्तुतः दोघेही आपापल्या चित्राशी प्रामाणिक होते. चौकटभर एकच रंग पसरला की कॅमेऱ्यातल्या कारकुनास तो वस्तूचा नसून उजेडाचा असावा असा संशय येतो, आणि तो विरुद्ध रंग मिसळून त्यास सौम्य करू पाहतो. उलटपक्षी, रंग गडद आवडतात असे ज्याला शिकविलेले असते तो कारकून त्यात भर घालतो. पाणी खरोखर बदलले होते याविषयीचा वाद मिटविला तो मोजदादीने. लँडसॅट ८ या उपग्रहाच्या २५ मे आणि १० जून या दोन दिवसांच्या नोंदींत सरोवराचा रंग पालटलेला स्पष्ट दिसला. या उपग्रहाचा सेन्सर आपल्या कॅमेऱ्यांप्रमाणेच बारा बिटांत प्रकाश मोजतो, आणि त्याची नोंद आकड्यांच्याच रूपात जपली जाते. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून, मीठ वाढले असता माजणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या रंगद्रव्याने हे झाल्याचे सांगितले. त्या दिवसांत काठावर उभे राहून कोणी रॉ घेतले असेल, तर त्याच्याजवळ त्या गुलाबीची साक्ष अद्याप शाबूत आहे; ज्याने जेपेग घेतले त्याच्याजवळ त्या गुलाबीविषयी एका कारखान्याचे मत आहे.

एवढे वाचून मी रॉच्या पक्षाचा वकील आहे असा समज झाला असेल, तर तो दूर करणे भाग आहे. आमच्या दुकानाची रोजची मीठ-भाकर जेपेगवर चालते. नोकरभरतीच्या अर्जासाठी पोरे येतात, त्यांना पांढऱ्या पडद्यापुढे काढलेला, वीस ते पन्नास केबीत बसणारा चेहरा हवा असतो. त्यांच्यापुढे १६,३८४ पायऱ्यांचे माहात्म्य सांगणारा मनुष्य दुकान बंद करण्याच्या मार्गावर आहे असे समजावे. वर्तमानपत्राच्या वार्ताहराला सभा संपण्याच्या आत चित्र पाठवावयाचे असते. रेणुकामातेच्या यात्रेतले चित्र ज्याला यात्रा चालू असतानाच हवे आहे, त्याला पहाटेपर्यंतची खतावणी काय कामाची? शिवाय अखत्यार आपल्याकडे घेणे म्हणजे जबाबदारीही घेणे. आणि ज्याची दृष्टी अद्याप तयार नाही त्याने रॉवर चालविलेला हात कारखान्यातल्या कारकुनापेक्षा निश्चित वाईट असतो. हल्ली लग्नाच्या अल्बमांत जी जांभळी आभाळे आणि मेणाची तोंडे दिसतात, ती सर्व रॉमधूनच आलेली आहेत.

या बाबतीत मोठमोठ्या दरबारांतही एकमत नाही. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०१५ मध्ये आपल्या बाहेरच्या छायाचित्रकारांस फर्माविले की, रॉवरून तयार केलेली चित्रे पाठवू नयेत. कॅमेऱ्यातून निघालेले मूळ जेपेगच पाठवावे. कारणे दोन, त्वरा आणि सत्यता : रॉवर बसलेला मनुष्य फेरफार करू शकतो, कॅमेऱ्याला हितसंबंध नसतो. आणि वर्ल्ड प्रेस फोटो ही स्पर्धा नेमके उलट करते. निवडीच्या पुढल्या फेरीत आलेल्यांकडून ती कॅमेऱ्यातील मूळ फाईल, जमल्यास रॉ, पुराव्यादाखल मागते, म्हणजे पाठविलेल्या नकलेत काय घातले आणि काय काढले हे अस्सलाशी ताडून पाहता येते. एकाच वस्तूस एक कचेरी संशयित ठरविते आणि दुसरी साक्षीदार. मला दुसरीचे म्हणणे अधिक पटते. आमच्या तालुक्याच्या कचेरीतही नकलेवर भरवसा ठेवतात तो अस्सल दस्त कोठेतरी दफ्तरात बांधून ठेवलेला आहे म्हणून. अस्सल ठेवूच नका म्हणजे खाडाखोडीचा प्रश्नच येणार नाही, असे म्हणणारा तहसीलदार अद्याप जन्मावयाचा आहे.

मात्र दफ्तर सांभाळावे लागते, आणि येथे मला आमच्याच डोंगरांच्या मावळतीकडील एक जुनी हकीकत आठवते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास लष्करातला रॉबर्ट गिल नावाचा अधिकारी १८४४ साली अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्याकरिता नेमला गेला. त्याने अजिंठ्यातच बिऱ्हाड केले, अंधाऱ्या विहारांत वर्षानुवर्षे बसून भिंतीएवढी तैलचित्रे केली, आणि ती विलायतेस रवाना केली. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती मांडलेली असता डिसेंबर १८६६ मध्ये आग लागून त्यांतली बहुतेक सर्व जळाली. तोपर्यंत गिलने कुंचल्याच्या जोडीला कॅमेराही धरला होता; लेण्यांची त्याची छायाचित्रे १८६४ सालीच ग्रंथरूपाने छापली गेली होती, आणि आमच्या जिल्ह्यातील लोणारची देवळेही त्याने काचेवर उतरविली. १८७९ मध्ये तो वारला. कबर भुसावळास आहे. त्याची चित्रे जळाल्यावर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून पुन्हा नकला करण्यास घेतल्या, तेरा वर्षे ते काम चालले, आणि १८८५ साली लंडनमध्येच दुसऱ्या आगीत त्यांतल्याही पुष्कळ गेल्या. नकला दोनदा जळाल्या तरी पुन्हा बसता आले, कारण भिंत उभी होती. आमच्या धंद्यात भिंत नसते. वैशाखातील ती दुपार पुन्हा येत नाही, आणि तिची एकुलती एक मोजदाद ज्या हार्ड डिस्कवर आहे ती टेबलावरून खाली पडली म्हणजे अजिंठाच गेला. त्यातून प्रत्येक कंपनीची रॉ निराळी, तिची भाषा निराळी. अडोबीने २००४ साली सर्वांसाठी म्हणून डीएनजी हे खुले स्वरूप काढले, पण सर्वांनी ते घेतलेले नाही. पन्नास वर्षांनी ही मोडी कोण वाचणार, हा प्रश्न मी लेखकास विचारला तेव्हा तो हसला. मोडी वाचणारे तरी आता किती उरले, असे मला हसण्यावारी नेता आले नाही.

लेखकाची स्वतःची रीत पुस्तिकेत आलीच आहे : हळद, अक्षता आणि पाठवणी रॉमध्ये, सोबत छोटे जेपेग, पंगत आणि स्टेजवरची रांग नुसत्या जेपेगमध्ये. चौसष्ट जीबीच्या कार्डावर रॉ दोनेक हजार बसतात आणि जेपेग सहा हजारांवर, हा हिशेब त्याने मांडवात उभे राहून शिकलेला आहे, म्हणून त्यावर मी कलम चालविलेली नाही. माझा मतभेद आहे तो शेवटच्या प्रकरणाशी. अल्बम पोचता झाला, पैसे मिळाले, की वर्षभराने त्या लग्नाची रॉ पुसून टाकावी, असा सल्ला त्याने तेथे दिला आहे. तो गाळावा म्हणून मी दोन संध्याकाळी त्याच्याशी हुज्जत घातली. त्याने डिस्कांच्या किमती पुढे केल्या. मग मी त्यास माळ्यावर नेऊन निगेटिव्हच्या माझ्या तीन पेट्या दाखविल्या. त्याने विचारले, डार्क रूम बंद करून इतकी वर्षे झाली, यांतले काही मागावयास आले कोण? मी आठवून सांगितले, दोघे आले. एक बाई, तिला आपल्या आईचा लग्नाआधीचा चेहरा पाहावयाचा होता. आणि एक गृहस्थ, ज्यांच्या वाटणीच्या दाव्यात घराच्या ओसरीला पूर्वी किती खांब होते हे दाखवावयाचे होते. दोघांचेही काम झाले. “दोनच ना काका,” तो म्हणाला, आणि पेटीचे झाकण नीट बसवून खाली उतरला. ते प्रकरण पुस्तिकेत जसेच्या तसे आहे.

चिखली,
चैत्री पौर्णिमा